कराराला लागलेला कडता

वऱ्हाडातल्या कामगार बंधूंनो, कास्तकार भावांनो, मायबहिणींनो,

निवडणूक जवळ आली की आपल्या गल्लीत गाड्यांचा धुरळा उडतो. महापालिका असो, जिल्हा परिषद असो, विधानसभा असो, तऱ्हा एकच. पहिला पुढारी उतरतो, हात जोडतो आणि महाराष्ट्राचा अभिमान सांगतो. त्याच्या मागून दुसरा येतो. तो म्हणतो, वेगळा विदर्भ झाल्याबिगर तुमचं भलं नाही. तिसरा काहीच बोलत नाही, रात्री पाकीट ठेवून जातो. मते मोजून झाली की तिघेही एकाच गाडीने मुंबईला जातात. आपण सकाळी डबा घेऊन पहिल्या पाळीला जातो आणि कास्तकार वावरात जातो. पाच वर्षे कोणी पुसत नाही.

आम्ही संयुक्त महाराष्ट्राचे. हे पहिल्याच वळणावर सांगून ठेवतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. पण संयुक्त महाराष्ट्राचे आहोत म्हणून मुंबईच्या कोणत्याही सरकारचे आम्ही गडी नाही. वऱ्हाड या राज्यात आला तो करार करून आला. त्या कराराचा हिशेब मागणे हा महाराष्ट्रद्रोह नव्हे. हिशेब न देणे हाच खरा महाराष्ट्रद्रोह आहे. आज तेवढेच सांगायचे आहे.

कडता म्हणजे काय ते कास्तकाराला सांगायला नको. कापसाची बंडी बाजारात नेली की व्यापारी बोंड चिमटीत धरतो. ओल आहे म्हणतो, कवडी आहे म्हणतो, कचरा आहे म्हणतो, आणि क्विंटलमागे किलो-दोन किलो कापून घेतो. अर्धी बंडी एकदम कोणी कापत नाही. तसे केले तर कास्तकार बंडी वळवून घरी नेईल. थोडे थोडे कापले की तो कुरकुरतो आणि गप बसतो. आपल्या कराराचे असेच झाले. एका दिवसात तो कोणी मोडला नाही. दर खेपेला कडता लागत गेला आणि आपण कुरकुरून गप बसलो.

भरलेली बंडी कशी होती ते आधी पाहू.

८ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याला एक आठवडा उरला असताना, आपल्याच अकोल्यात करार झाला. त्याला अकोला करार म्हणतात. मराठी मुलखाचा एक प्रांत व्हावा, पण त्यात दोन उपप्रांत असावेत, पश्चिम महाराष्ट्राचा एक आणि महाविदर्भाचा एक. दोघांची कायदेमंडळे वेगळी, मंत्रिमंडळे वेगळी. एवढा भरवसा वऱ्हाडाला तेव्हा दिला होता. कारण वऱ्हाडाला भीती होती, आणि ती उगाच नव्हती. १८५३ साली निजामाने आपला मुलूख इंग्रजाकडे सोपवला. १९०२ साली तो इंग्रजाला कायमच्या पट्ट्याने दिला. १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या दप्तरात कागद फिरला, वऱ्हाडाला कोणी विचारले नाही. म्हणून आपली माणसे म्हणाली, या वेळी आधी लिहून द्या.

पहिला कडता १९५३ साली लागला. २८ सप्टेंबरला नागपूर करार झाला. त्यात उपप्रांत गेले. वेगळे कायदेमंडळ गेले. त्याच्या जागी काय आले? लोकवस्तीच्या प्रमाणात खर्च. सरकारी नोकऱ्यांत वाटा. धंदेशिक्षणाच्या कॉलेजांत जागा. नागपूरला हायकोर्टाचे खंडपीठ. आणि दरसाल ठराविक काळ सरकारने नागपूरला मुक्काम हलवावा, विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तिथे भरवावे. कमी होते, पण भरीव होते. आपण मान्य केले.

आता एक गोष्ट तरुण पोरांनी ध्यानात ठेवावी. १९५५ साली फाजल अली आयोगाचा अहवाल आला. त्यात विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस होती. मागणाऱ्यांच्या पदरात राज्य पडायच्या बेतात होते. लोकनायक बापूजी अणे, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी या मोठ्या माणसांना तेच हवे होते. त्यांना आम्ही वैरी मानत नाही. पण वऱ्हाडातल्या कामगाराने दुसरा विचार केला. मुंबईचा गिरणी कामगार आणि अकोल्याचा गिरणी कामगार एकाच सरकारपुढे उभे राहावेत, एकाच भाषेत मागणी मागावी, एकमेकांच्या संपाला पाठ द्यावी, हा तो विचार. वेगळ्या राज्यात जिनवाल्याचे आणि मालगुजाराचेच राज्य येईल, असाही त्याला वहीम होता. म्हणून तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेला. मुंबईत गोळ्या चालल्या, शंभरावर माणसे हुतात्मा झाली, त्यांत गिरणी कामगार होते. त्या रक्ताशी आमचे नाते आहे. ते आम्ही तोडणार नाही.

पण वऱ्हाड फुकट आला नाही. हाताशी आलेले वेगळे राज्य सोडून आला. त्याची किंमत कागदावर लिहिली होती.

दुसरा कडता १९५६ चा. १ नोव्हेंबरला विदर्भाचे तेव्हाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच वेळी राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात विदर्भासाठी विकास मंडळाची आणि राज्यपालांच्या खास जबाबदारीची तरतूद झाली. निधीची न्याय्य वाटणी, धंदेशिक्षण, नोकऱ्या, हे सारे त्यात आहे. वाचायला फार गोड आहे. पण राष्ट्रपतींनी हुकूम काढावा तेव्हा मंडळ व्हावे, असे ते कलम. मंडळ कधी झाले? १९९४ साली! अडतीस वर्षे कलम पुस्तकात आणि आपण रांगेत. १९५६ साली पाळण्यात असलेले पोर तोवर अडतिशीचा बाप झाले.

तिसरा कडता मधल्या वर्षांत रोज लागत होता, पण त्याचे वजन कोणी केले नव्हते. ते १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने केले. सगळ्या राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांवर निघाला. त्यात एकट्या विदर्भाचा १,२४६ कोटी. म्हणजे राज्यात आपली लोकवस्ती पाव हिश्शाच्या आतबाहेर आणि मागे पडलेल्या कामांत आपला वाटा शंभरात एकोणचाळीस. अनुशेष हा मोठा शब्द आहे. कामगाराच्या भाषेत त्याचा अर्थ थकलेला पगार. जे मिळायला पाहिजे होते आणि मिळाले नाही, ते.

हा थकलेला पगार कुठे दिसतो? पूर्णेच्या काठी खारपाणपट्ट्यात जा. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतली ती गावे. विहीर खोदली तर खारे पाणी लागते. पिता येत नाही, पिकाला देता येत नाही. तिथे धरणाचे गोडे पाणी पोचले तरच वावर ओले होते, नाही तर आभाळाकडे पाहायचे. सिंचनाच्या अनुशेषाचे आकडे निघाले तेव्हा मागे राहिलेल्या जिल्ह्यांत अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा ही चार नावे वर्षानुवर्षे वाचावी लागली. ही वऱ्हाडाचीच नावे आहेत. नागपूरला उड्डाणपूल झाले, मेट्रो झाली, चांगले झाले. पण विदर्भ म्हटला की नागपूर आणि नागपूर म्हटले की विदर्भ, हा नवा हिशेब आम्हाला मान्य नाही. त्यात वऱ्हाडाला कडत्यावर कडता बसतो.

चौथा कडता ताजा आहे. ३० एप्रिल २०२० ला विकास मंडळाची मुदत संपली. आजवर ती वाढवून घेत होते, या वेळी वाढली नाही. तेव्हा एक सरकार होते, त्याआधी दुसरे होते, नंतर तिसरे आले. २०२२ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा आणण्याचा निर्णय केला. कागद हलला म्हणून वावरात पाणी येत नाही. २०२० आणि २०२१ साली नागपूरचे हिवाळी अधिवेशनही नागपूरला भरले नाही. एकदा साथीचे कारण, एकदा आणखी काही. २०२४ च्या डिसेंबरात भरले ते सहा दिवसांत आटोपले. करारात सरकारचा मुक्काम हलवायचे ठरले होते, आता पाहुणा येऊन हुरडा खाऊन जातो तसे सरकार येऊन जाते.

आता कोणी म्हणेल, विदर्भाला मुख्यमंत्रीपद मिळाले नाही म्हणून हे झाले. हे खोटे आहे. चांद्याचे मारोतराव कन्नमवार १९६२ ला मुख्यमंत्री झाले. त्यांच्या मागून पुसदचे वसंतराव नाईक आले, ते १९६३ पासून १९७५ पर्यंत अकरा वर्षांवर खुर्चीत होते. १९९१ ला सुधाकरराव नाईक झाले. २०१४ ला नागपूरचे देवेंद्र फडणवीस झाले, २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा तेच झाले. आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ पासून दहा वर्षे दिल्लीत शेतीमंत्री होते. माणसे आपली होती, काहींनी चांगली कामेही केली. पण आपला माणूस खुर्चीत बसला म्हणजे करार पाळला गेला असे होत नाही. मुकादम आपल्या गावचा आहे म्हणून साच्यावरचे काम हलके होते काय?

मग वेगळा विदर्भ? त्याचाही इतिहास निवडणुकीच्या तराजूत घालून पाहू. १९६२ साली बापूजी अणे नागपुरातून लोकसभेला निवडून आले. १९७१ साली जांबुवंतराव धोटे विदर्भाचे नाव घेऊन त्याच नागपुरातून निवडून आले, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. १९८० साली तेच धोटे इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले. पुढे भारतीय जनता पक्षाने १९९७ साली भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. २००० साली छत्तीसगड झाले, उत्तराखंड झाले, झारखंड झाले. २०१४ साली तेलंगण झाले. त्याच २०१४ साली दिल्लीत आणि मुंबईत दोन्हीकडे त्या पक्षाचे सरकार आले, मुख्यमंत्री नागपूरचे आले. ठराव कुठे गेला? विरोधात असताना विदर्भ आठवतो, सत्तेत बसले की महाराष्ट्र आठवतो. काँग्रेसवाल्यांचेही यात हात वर नाहीत. त्यांच्यातही तिकीट कापले गेले की वेगळा विदर्भ मागणारे निघाले आणि तिकीट मिळाले की गप झाले.

जे पोर मनापासून वेगळे राज्य मागते त्याला आम्ही एवढेच विचारतो. राज्य लहान केल्याने कापसाचा तराजू कोणाच्या हातात येईल? भाव ठरवणारे दिल्लीत, आयात सोडणारे दिल्लीत, खरेदीवाला तोच, ठेकेदार तोच. हद्दीचा दगड हलवला म्हणून कडता थांबत नाही. कडता थांबतो तो तराजूपाशी कास्तकार आणि हमाल एक होऊन उभे राहिले तर. तुझी चीड खरी आहे, भाऊ. ती इकडे आण.

कापसाचीच गोष्ट घ्या, कारण वऱ्हाडाचे राजकारण पऱ्हाटीच्या बोंडातच आहे. २०२५-२६ च्या हंगामाला सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर केला. आणि १९ ऑगस्ट २०२५ ला परदेशी कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला. आधी सप्टेंबर अखेरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. आपला कापूस बाजारात येतो कधी? दसरा-दिवाळीपासून. नेमका त्याच दिवसांत परदेशी गाठींना दरवाजा उघडा. एका हाताने भाव लिहिला, दुसऱ्या हाताने पुसला. १९७२ पासून या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. तिच्यात दोष होते, चुकारे थकत होते, हे आम्ही नाकारत नाही. पण खरेदीदार सरकार होते, भांडायला एक दार होते. ते दारही आता बुजले.

मालक आम्हाला सांगतो, कापूस स्वस्त झाला तर गिरणी चालेल, तुझी नोकरी राहील. म्हणजे कामगाराने कास्तकाराच्या मरणावर पोट भरावे! पण गिरणी कामगार म्हणजे कोण? कास्तकाराचाच धाकटा पोरगा, ज्याच्या वाट्याला वावर उरले नाही तो. बापाला भाव नाही आणि पोराला पगार नाही, मग मधले जाते कुठे, हे दोघांनी एका बाजेवर बसून मोजावे.

गिरण्या तरी कुठे राहिल्या? कापूस जवळ म्हणून १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. अकोल्याला सावतराम मिल, मोहोता मिल होत्या. बडनेऱ्याला विजय मिल होती. भोंग्यावर घरातली चूल पेटायची. १९७४ साली कायदा करून आजारी गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे दिल्या. कामगाराला वाटले, आता सरकार मालक, आता भोंगा थांबणार नाही. एकामागून एक थांबले. अचलपुरात फिनले मिलच्या नावाने नवी गिरणी उभी राहिली, तीही २०२० च्या टाळेबंदीत थांबली. वऱ्हाडाचा कापूस गाठी बांधून बाहेर जातो, बाहेर त्याचे सूत होते, कापड होते, आणि तेच कापड आपण अमरावतीच्या बाजारात दाम मोजून घेतो. इंग्रजाच्या राज्यात असेच होते. तेव्हा गाठी मँचेस्टरला जायच्या, एवढाच फरक.

२० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या सभेत अमरावतीच्या मोठ्या कापड पार्कची कोनशिला झाली. हजार एकरांचा पार्क आहे. दोन महिन्यांनी विधानसभेचे मतदान होते. पार्क होऊ द्या, आम्ही आडवे येणार नाही. पण तिथे वऱ्हाडाची पोरे कायम कामगार म्हणून लागणार की ठेकेदाराच्या हजेरीवर सहा-सहा महिने फिरणार, हे कोनशिलेवर लिहिलेले नाही. ते आपल्याला लिहून घ्यावे लागेल.

आणि भाषेचे काय? हे भाषेचे राज्य आहे ना! मराठीतला पहिला गद्य ग्रंथ लीळाचरित्र आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला लिहिला गेला. त्या गावात आता मराठीचे विद्यापीठ निघाले. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा मान मिळाला. आम्हाला अभिमान आहे. पण १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा झाला तरी ठेक्याच्या कामगाराला नेमणुकीचा कागद इंग्रजीत मिळतो. काय लिहिले ते त्याला कळत नाही, सही मात्र त्याची. कामावरून काढतात तेव्हा कळते की तो कागद कशाचा होता. २०२५ च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदी लादण्याचा हुकूम निघाला. मराठी माणूस खवळला, २९ जूनला सरकारने हुकूम मागे घेतला. पाहा, लोक उठले की सरकार नमते! मग मराठीसाठी उठलेला माणूस मराठी कास्तकाराच्या पाण्यासाठी का उठत नाही? कमी पट आहे म्हणून खेड्यातली मराठी शाळा बंद करायची गोष्ट निघते तेव्हा सारे कुठे असतात?

बंधूंनो, आपल्या मताला किंमत नाही असे समजू नका. १९५७ साली पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला लोळवले. तरी ३९६ पैकी २३४ जागा घेऊन द्वैभाषिकाचे सरकार टिकले. कशावर? गुजरात, मराठवाडा आणि आपला विदर्भ यांच्या जागांवर. ज्या करारासाठी मते दिली त्याची उधारी तेव्हाच सुरू झाली. २०२४ साली लोकसभेला विदर्भाच्या १० जागांपैकी ७ महाविकास आघाडीला आणि ३ महायुतीला गेल्या, सहा महिन्यांच्या आत विधानसभेला सारे उलटे झाले. म्हणजे वऱ्हाड सरकार पाडू शकतो आणि बसवूही शकतो. विदर्भाचे ६२ आमदार, त्यांत अमरावतीचे ८ आणि अकोल्याचे ५. ताकद आहे. ती दरवेळी आपण बिनशर्त देऊन टाकतो, एवढीच आपली चूक.

बहिणींच्या खात्यात दीड हजार रुपये आले. त्यांनी ते घ्यावेत, हक्काने घ्यावेत, कोणाचे उपकार म्हणून नव्हे. पण दीड हजारात करार विकला असे कोणी समजू नये.

म्हणून येत्या प्रत्येक निवडणुकीत दारी येईल त्या उमेदवाराला, झेंडा कोणताही असो, चार गोष्टी विचारा.

एक, विकास मंडळ आणि कराराप्रमाणे निधीचा वाटा यासाठी तू सभागृहात काय केलेस, काय करशील?

दोन, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाण्याचे थकलेले पाणी कोणत्या धरणातून, कोणत्या साली?

तीन, दसऱ्याला कापूस खरेदीची केंद्रे उघडतील काय, आणि कापड पार्कात आमची पोरे कायम होतील काय?

चार, कामगाराचा कागद मराठीत आणि खेड्यातली शाळा चालू, हे लिहून देतोस काय?

तोंडी उत्तर घेऊ नका. कागदावर सही घ्या आणि तो कागद चावडीवर, गिरणीच्या गेटवर, बाजार समितीच्या भिंतीवर लावा. सही न करणाऱ्याचेही नाव लावा. पाच वर्षांनी तोच कागद घेऊन त्याला गाठा. जिल्हा परिषदेचा उमेदवार म्हणेल, हे माझ्या हातात नाही. त्याला सांगा, मग तुझ्या वरच्या पुढाऱ्याची सही आण.

अकोल्याला १९४७ साली भरलेली बंडी उभी होती. आज तिच्यात किती उरले ते पाहायला काटा आपल्याच हातात पाहिजे. महाराष्ट्र मोडायचा नाही, कराराचा कडता मोडायचा.

संयुक्त महाराष्ट्र झिंदाबाद!
कामगार-कास्तकार एकजुटीचा विजय असो!